वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या मोटारीचे इंजिन घरी पुन्हा सुरू करताना

दहा-पंधरा वर्षे एकाच जागी उभी असलेली जुनी मोटार ताब्यात आली की पहिला मोह होतो तो नवी बॅटरी जोडून चावी फिरवून पाहण्याचा. हा मोह आवरणे ही या कामाची पहिली पायरी आहे. उभ्या राहून बंद पडलेले इंजिन बहुधा झिजून संपलेले नसते. ते गंजाने अडकलेले, वाळलेल्या पेट्रोलने चिकटलेले आणि आतून कोरडे पडलेले असते. अशा इंजिनाला सेल्फ मारला की सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज पिस्टनच्या रिंगांखाली कानशीसारखा घासला जातो, अडकलेल्या व्हॉल्व्हवर दाब येऊन तो उघडणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, वाकतो आणि तळाशी बसलेली मळी ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकते. इतकी वर्षे सुस्थितीत टिकलेला भाग काही मिनिटांत निकामी होतो. म्हणून या लेखाचा मोठा हिस्सा चावी फिरवण्याआधीच्या कामाचा आहे.

येथे चार सिलिंडरचे, कार्बुरेटर आणि पुशरॉड असलेले साधे पेट्रोल इंजिन गृहीत धरले आहे. नवशिक्याने सुरुवात अशाच इंजिनापासून करावी, कारण त्यातील प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसतो आणि हाताने तपासता येतो. १९५१ साली ऑस्टिन ए-३० या गाडीत ८०३ सीसीच्या रूपात आलेले ए-सिरीज इंजिन हे याचे चांगले उदाहरण आहे. त्याच घराण्याची इंजिने मिनी गाडीत २००० सालापर्यंत बसवली जात होती, त्यामुळे त्यांचे सुटे भाग आणि माहिती दोन्ही मुबलक आहेत. गाडी निवडण्याची मोकळीक असेल तर दुर्मीळ मॉडेलपेक्षा ज्याचे भाग मिळतात असे मॉडेल घ्यावे. पुढे दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या मॉडेलचे आणि त्या वर्षाचे वर्कशॉप मॅन्युअल कामाला हात घालण्यापूर्वी मिळवावे आणि त्यातील आकडा वेगळा असेल तर तोच प्रमाण मानावा.

आधी पत्रा, मग इंजिन

इंजिनाकडे वळण्यापूर्वी एक दिवस गाडीखाली घालवावा. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा, सस्पेन्शन जिथे बॉडीला धरलेले असते त्या जागा आणि चासीचे जोड जाड स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावेत. निरोगी पत्रा टणक लागतो. कुजलेला पत्रा बिस्किटासारखा आत जातो. रंगावरून फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवले तर लांबी (खड्डे बुजवणारे लुकण) भरलेली जागा लगेच कळते, कारण तेथे चुंबकाची पकड सुटते. भार पेलणारे भागच कुजलेले असतील तर वेल्डिंगचे काम आधी करून घ्यावे लागते आणि ते अनुभवी माणसाकडून करून घेणेच योग्य. रंग आणि आसनांचे काम सर्वांत शेवटी येते. त्याबाबत एवढेच सांगतो की मूळ कारखान्यातला रंग फिका पडलेला असला तरी शाबूत असेल तर तो खरवडून टाकू नये. एकदा गेलेला मूळ रंग कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

गाडी उचलताना जॅकचा उपयोग फक्त उचलण्यासाठी करावा. उचललेली गाडी लोखंडी घोड्यांवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नये आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत किंवा खड्ड्यात साठते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. म्हणून टाकीतील जुने पेट्रोल उघड्यावर काढावे आणि पावडरचे अग्निशामक हाताशी ठेवावे. जुन्या ब्रेक-शूमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ फुंकून किंवा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून बंद पिशवीत टाकावी. कूलंट गोडसर आणि विषारी असते, त्यामुळे ते उघड्या भांड्यात ठेवू नये. पाळीव प्राणी ते चाटतात आणि दगावतात.

एक वही करावी. सुटा केलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्याचे नट-बोल्ट स्वतंत्र पिशवीत घालून वर जागा व तारीख लिहावी. आज स्पष्ट आठवणारी गोष्ट चार महिन्यांनी आठवत नाही आणि अशा कामात चार महिने सहज निघून जातात.

न फिरवता केलेली तपासणी

बॅटरी जोडलेली असेल तर ती काढून ठेवावी. एअर फिल्टरचे झाकण उघडावे. तेथे उंदरांचे घरटे सापडणे अगदी नेहमीचे आहे आणि सापडले तर वायरिंगही कुरतडलेले आहे असे समजूनच पुढे जावे. मग ऑइल चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचा) तळाचा बोल्ट सोडावा आणि आधी काय बाहेर येते ते नीट पाहावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी साठते आणि पहिल्यांदा तेच बाहेर पडते. तेल दुधट असेल तर पाणी त्यात मिसळलेले आहे. ते हेड गॅस्केटमधून (सिलिंडर आणि त्यांवरचे झाकण, म्हणजे हेड, यांमधल्या पातळ थरातून) आले असेल किंवा कित्येक पावसाळ्यांत वरून झिरपले असेल, ते पुढे ठरेल. तेलात चुंबक फिरवावे. बारीक करडी भुकटी ही जुन्या इंजिनात साहजिक असते, पण चमकणारे कण किंवा चकत्या दिसल्या तर बेअरिंग आणि गिअर तपासल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही, हे वहीत तेव्हाच लिहून टाकावे. शक्य असेल तेथे चेंबर पूर्ण उतरवून तळाची मळी खरवडून काढावी आणि पंपाची जाळी रॉकेलने धुवावी. हे काम घाणेरडे आहे, तरी ते टाळू नये. जाळी चोंदली तर नवे तेल ओतूनही बेअरिंगपर्यंत एक थेंब पोहोचत नाही.

रेडिएटरमधून तपकिरी चिखल आला तर पाणी खालून वर, म्हणजे नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने सोडून धुवावे. गाळ बहुधा शेवटच्या सिलिंडरभोवती साठतो, कारण तेथे पाण्याचा वेग सर्वांत कमी असतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहावा. त्यावर कोरलेल्या तापमानाला, सामान्यतः ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास, तो उघडू लागला पाहिजे.

अडकलेले इंजिन सोडवणे

सर्व प्लग काढावेत आणि कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा हे लिहून एका ओळीत मांडावेत. बहुतेक वेळा त्यांतले दोन-तीन कोरडे व काळपट असतात आणि एकाच्या टोकावर तांबूस गंज असतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंजिन थांबते तेव्हा एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि दमट हवा वर्षानुवर्षे त्याच वाटेने आत जात राहते. म्हणून गंज सगळीकडे सारखा नसतो. तो एका-दोन सिलिंडरमध्ये एकवटलेला असतो आणि इंजिन अडकते ते त्यांच्यामुळेच. मी सोडवलेल्या एका इंजिनात तीन सिलिंडरच्या भिंती आरशासारख्या होत्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन जिथे थांबला होता नेमक्या त्या उंचीवर बोटाच्या रुंदीचे तपकिरी कडे उठले होते. बारीक कॅमेरा मिळाला तर प्लगच्या भोकातून हे आधीच पाहता येते.

प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सैल करणारे तेल ओतावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे हे मिश्रण पुष्कळांच्या वापरातले आहे. अ‍ॅसिटोन लवकर पेट घेते, त्यामुळे ते मोकळ्या हवेतच वापरावे. नुसते पातळ तेलही चालते, मात्र त्याला जास्त दिवस लागतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ५० मिलिलिटर घालून भोकांवर फडके ठेवावे आणि रोज थोडी भर घालावी. आठवडाभर थांबायची तयारी असावी, तीन आठवडे लागले तरी नवल नाही. दुसऱ्या दिवशी तेलाची पातळी उतरलेली दिसली तर ते रिंगांमधून झिरपते आहे, म्हणजे काम योग्य दिशेने चालले आहे.

याच काळात रॉकर कव्हर, म्हणजे इंजिनाच्या वरचे व्हॉल्व्ह झाकणारे आवरण, उघडावे. एकेका व्हॉल्व्हच्या डोक्यावर लाकडी दांडा ठेवून तो हलक्या हाताने ठोकावा. मोकळा व्हॉल्व्ह खाली जाऊन स्प्रिंगच्या जोराने टकन वर येतो. अडकलेला जागचा हलत नाही किंवा खाली जाऊन तेथेच राहतो. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडत राहावे आणि रॉकरचा शाफ्ट सैल करून पुशरॉड बाजूला काढून ठेवावेत, म्हणजे क्रँक (पिस्टनना जोडलेला मुख्य फिरता दांडा) फिरला तरी त्या व्हॉल्व्हवर जोर येणार नाही. पुशरॉड ज्या जागेचा त्याच जागी परत गेला पाहिजे, म्हणून जाड पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, क्रमांक घालून ते त्यात उभे करावेत. एखादा व्हॉल्व्ह खालीच राहिला असेल तर त्याच्यावर पिस्टन येऊ देऊ नये. तो मोकळा होईपर्यंत क्रँक फिरवायचा नाही.

यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावावा. लांब दांड्याने सावकाश, वाढता दाब द्यावा. झटका देऊ नये, पान्यावर हातोडा मारू नये आणि पान्याला लांबलचक पाइप लावून उभे राहू नये, कारण बोल्ट तुटला की नवे संकट उभे राहते. हलला नाही तर उलट दिशेला तेवढाच दाब द्यावा, मात्र तेथे बोल्टच सैल होत नाही ना यावर लक्ष ठेवावे. हलला नाही तर परत तेल घालून उद्यावर सोडावे. ज्या दिवशी इंजिन सुटते त्या दिवशी ते एकदम फिरत नाही. पुलीवर खडूने केलेली खूण आणि शेजारची खूण यांत दोन-तीन मिलिमीटरचे अंतर पडलेले दिसते, बस. तेवढे झाले की थांबावे, मागे आणावे, तेल घालावे, पुन्हा पुढे न्यावे. हा पुढे-मागे होणारा प्रवास हळूहळू वाढवत नेला की गंज चूर्ण होऊन तेलात उतरतो. जोराने पूर्ण फेरा काढला तर तोच गंज भिंतीवर ओरखडे पाडतो. मोकळे फिरू लागल्यावर साठलेले तेल व चिखल बाहेर शोषून घ्यावा आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

उघडायचे की नाही

हा निर्णय अंदाजाने घेऊ नये, मोजून घ्यावा. ताजे तेल भरून, सर्व प्लग काढलेले असताना, कार्बुरेटरचा थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबलेल्या हवेचा दाब, मोजावे. अशा जुन्या इंजिनात ८ ते ११ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हा आकडा समाधानकारक मानावा, पण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा असतो. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा किंवा भिंत झिजलेली आहे. वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा आहे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर बहुधा त्या दोघांमधले हेड गॅस्केट जळालेले असते. पिस्टन वर आणून, गाडी गिअरमध्ये ठेवून प्लगच्या भोकातून हवा सोडली की गळती कानांनीही शोधता येते. कार्बुरेटरच्या तोंडाशी फुसफूस ऐकू आली तर आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या झाकणाशी आली तर रिंगा आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

पहिलाच आकडा वाईट आला म्हणून इंजिन लगेच उघडण्याचे कारण नाही. चिकटलेल्या रिंगा आणि काजळी बसलेले व्हॉल्व्ह थोडे चालल्यावर पुष्कळदा मोकळे होतात. मात्र तेलात धातूचे कण सापडले असतील, भिंतीवर नखाला लागणारे ओरखडे असतील किंवा हेड गॅस्केट गेलेले असेल तर उघडावे.

हेडचे नट सोडताना मॅन्युअलमधील घट्ट करण्याच्या क्रमाच्या उलट क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सोडावेत, नाहीतर हेड वाकते. उतरवलेल्या हेडवर पोलादी पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खाली फीलर गेज सरकवून पाहावा, ०.०५ मिलिमीटरची पाती आरपार जात असेल तर मॅन्युअलची मर्यादा पाहून हेड मशिनवर घासून घेण्याचा विचार करावा. व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर पेस्टने घासून सलग करडी वर्तुळाकार पट्टी आणणे हे घरी करण्याजोगे आणि मनाला समाधान देणारे काम आहे. हेड निघालेच आहे तर एका गोष्टीची चौकशी करून घ्यावी. जुनी इंजिने शिसे मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेली होती आणि ते शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीचे रक्षण करत असे. २०२१ साली अल्जेरियाने विक्री थांबवल्यावर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून हद्दपार झाले. गाडी सतत वेगात चालवायची असेल तर कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. सावकाश फेरफटक्यासाठी त्याची घाई नाही.

सिलिंडरच्या वरच्या टोकाशी, जिथे रिंग पोहोचत नाही तेथे, नखाला एक कडा लागते. ही कडा म्हणजे झिजेचे माप आहे. कडा न काढता नवी रिंग बसवली तर ती कडेवर आपटून तुटते. व्यास वर, मध्ये आणि खाली, दोन काटकोनी दिशांनी मोजावा आणि मर्यादेपलीकडे असेल तर बोअरिंग करून मोठे पिस्टन घालावेत. हे काम आणि क्रँक ग्राइंडिंग यंत्रशाळेचे आहे. घरी पॉलिश पेपरने त्याची बरोबरी होत नाही. आपले काम जुळणीचे. बेअरिंगची झाकणे आणि कनेक्टिंग रॉडची झाकणे एकमेकांत बदलू नयेत, उलटीही बसवू नयेत, कारण ती जागेवर बसवूनच घडवलेली असतात. खुणा नसतील तर काढण्यापूर्वी करून ठेवाव्यात. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांतील फट मोजावी. ७५ मिलिमीटर व्यासाला साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. फट कमी राहिली तर रिंग तापून फुगते आणि भिंतीत रुतते.

ठिणगी आणि पेट्रोल

जुनी बॅटरी टाकून नवी घेताना आधी दोन गोष्टी पाहाव्यात. गाडी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, आणि बॉडीला बॅटरीचे कोणते टोक जोडलेले आहे. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत अधिक टोक बॉडीला जोडलेले असते. सवयीने उलटे जोडले तर डायनॅमो आणि रेडिओ दोन्ही बिघडू शकतात. कापडी आवरणाच्या वायरी चुरा होत असतील तर संपूर्ण वायरिंग बदलावे, तुकड्या-तुकड्यांनी जोड देत बसू नये.

डिस्ट्रिब्युटरचे (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाचे) पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे विजेचे संपर्क, बारीक कानशीने साफ करून अंतर साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे, कंडेन्सर नवाच घालावा आणि प्लगचे अंतर साधारण ०.६ मिलिमीटर ठेवावे. पेटण्याचा क्रम बहुतेक चार सिलिंडर इंजिनांत १-३-४-२ असतो. तरी आपल्या इंजिनाचा पाहून घ्यावा. कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला आणि बॉडीला छोटा दिवा जोडून, इग्निशन चालू ठेवून क्रँक हाताने फिरवला की पॉइंट उघडताक्षणी दिवा लागतो. तो क्षण पुलीवरच्या खुणेशी जुळवला की पहिल्या स्टार्टपुरते टायमिंग झाले.

पेट्रोलचे म्हणाल तर ते काही महिन्यांतच शिळे होते आणि वर्षांनी त्याचे आंबट वासाचे लाखेसारखे चिकट द्रव्य उरते. कार्बुरेटर पूर्ण सोडवून जेट हवेने आणि द्रवाने साफ करावेत, तार खुपसू नये. तारेने छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. फ्लोट कानाशी धरून हलवावा, आत पेट्रोल खळखळले तर तो फुटलेला आहे. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलताना इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचेच घ्यावेत, कारण आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुने रबर त्याने मऊ पडून झिरपू लागते.

इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक

चालू इंजिनाची गाडी हलवून पाहण्याचा मोह होतोच, म्हणून ब्रेक आधी. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते, आतून सिलिंडर गंजवते आणि जुन्या रबरी नळ्या आतून फुगून ब्रेक धरून ठेवतात. सर्व रबरी भाग आणि तेल नवे घालावे. मॅन्युअलने सांगितलेल्या प्रकाराखेरीज दुसरे तेल मिसळू नये. टायरवर नक्षी पुष्कळ असली तरी विश्वास ठेवू नये. २००० सालापासूनच्या टायरवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. २३०७ म्हणजे २००७ सालचा तेविसावा आठवडा.

पहिला स्टार्ट

इंजिनला मॅन्युअलप्रमाणे जाड तेल भरावे. अशा बऱ्याच इंजिनांना २०डब्ल्यू-५० चालते आणि त्यात जस्तयुक्त झीजरोधक घटक पुरेसा असावा, कारण कॅम आणि त्यावर टेकून पुशरॉड उचलणारे सपाट टॅपेट यांच्यातील घर्षण तोच सांभाळतो. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फ दहा-दहा सेकंद मारावा, मध्ये विश्रांती द्यावी आणि ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत पुढे जाऊ नये. काटा उठत नसेल तर पंपात तेल भरावे लागते. तोपर्यंत प्लग बसवायचे नाहीत.

मग प्लग लावून, बाहेर ठेवलेल्या छोट्या स्वच्छ डब्यातून ताजे पेट्रोल देऊन, दारे उघडी ठेवून आणि शेजारी एक माणूस उभा करून इंजिन सुरू करावे. त्या माणसाने फक्त गळती आणि आग पाहायची. दहा सेकंदांत ऑइल प्रेशर आले नाही तर बंद करावे. पहिली काही मिनिटे धूर येईल, तो सिलिंडरमध्ये घातलेल्या तेलाचा असतो. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या दांड्यांकडे, काळा राहिला तर कार्बुरेटरच्या मिश्रणाकडे आणि पांढरा राहून पाणी कमी होत गेले तर हेड गॅस्केटकडे पाहावे. जुनाच कॅम असेल तर मिनिटाला १,२०० ते १,५०० फेऱ्यांवर दहा मिनिटे पुरेत. नवा कॅम आणि टॅपेट घातले असतील तर इंजिन नुसते हलके फिरत ठेवू नये. २,००० फेऱ्यांच्या आसपास वीस मिनिटे चालवावे, म्हणजे कॅमवर तेल नीट उडते.

बंद केल्यावर रात्रभर थंड होऊ द्यावे. हेड उघडले असेल आणि मॅन्युअल सांगत असेल तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर हेडचे नट मध्यापासून बाहेरच्या क्रमाने पुन्हा टॉर्क रेंचने ओढावेत, टॅपेटचे अंतर पुन्हा लावावे आणि गळतीच्या जागा पुसून वहीत नोंदवाव्यात. पहिले तेल आणि फिल्टर ५०० किलोमीटरला बदलावेत. काढलेले तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात घ्यावे आणि त्यातून पुन्हा एकदा चुंबक फिरवावे.